एक ठोका नावाला, दोन विशेषणाला

माझ्या थोरल्या जावेने मला सात महिने, रोज सहा तास, वाचून दाखवलं. घरी मात्र ती माझ्याशी बोलत नसे. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायची. "कुणीतरी दूध उतू घालवलंय," असं भिंतीकडे बघून म्हणायची. ते कुणीतरी म्हणजे मी.

आम्ही दोघी एकाच छापखान्यात प्रूफं तपासत होतो. जिन्याच्या वरच्या टोकाला आमची खोली होती. एक लांबट टेबल, दोन खुर्च्या, एक खिडकी, आणि खाली मशीन सुरू झालं की थरथरणारं पाण्याचं भांडं. शाईचा आणि अक्षरांचे खिळे धुवायच्या घासलेटचा वास जिन्याने वर यायचा. अजूनही कुठे तसा वास आला की माझी मान आपोआप ताठ होते. त्या खोलीत मी स्वतःला जितकी शहाणी समजले तितकी पुढे कुठेच समजले नाही, आणि तिथे जितका द्वेष केला तितकाही कुठे केला नाही.

कामाची रीत अशी होती. लेखकाच्या हस्तलिखितावरून जुळारी खिळे जुळवायचा आणि त्याचा ठसा कागदावर उतरून आमच्याकडे यायचा. एकीने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसरीने ठशावर नजर ठेवायची आणि फरक असेल तिथे पेन्सिलीने खूण करायची. खरं तर पेन्सिल ज्येष्ठ बाईच्या हातात असायला हवी. पण छापखान्यात इंग्रजी पुस्तकं जास्त, आणि पहिल्याच दिवशी माझं इंग्रजी वाचन ऐकून थोरली म्हणाली होती, "बाई गं, तू वाचलंस की माझ्या दाढेत कळ येते. दे इकडे तो कागद." तेव्हापासून ती वाचायची आणि मी खुणा करायची.

आपल्या लिपीत कॅपिटल अक्षरं नाहीत, इंग्रजीत पावलोपावली. प्रत्येक वेळी 'कॅपिटल, कॅपिटल' म्हणत बसलं तर दिवस पुरायचा नाही. म्हणून शब्द उच्चारायच्या आधी ती पेन्सिलीच्या बुडाने टेबलावर एक ठोका द्यायची. ठक, की कॅपिटल. मी कागदावरून डोळे उचलत नसे. चार महिन्यांत माझा हात असा झाला होता की खाली कुणी खोक्याला खिळा मारला तरी माझी पेन्सिल कागदाला टेकायची. थोरलीचा पहिला धडाच तो होता. "इथे डोकं नाही चालवायचं. कान आणि हात, बस्स. डोकं घरी ठेवून येत जा. असलं तर."

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. थोरले दीर छापखान्यातच मशीनवर होते, दुपारपाळीला. माझे यजमान बोटीवर कामाला गेले आणि तिसऱ्या वर्षी त्यांची पत्रं यायची थांबली. मेले असते तर कुणीतरी कळवलं असतं, एवढं मला कळत होतं. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, डावं अंग गेलेलं. त्यांचं उठवणं, पुसणं, भरवणं सकाळ-संध्याकाळ माझ्याकडे होतं. ते माझ्याकडे कसं आलं हे कुणी ठरवलं नव्हतं. नवरा परागंदा झालेल्या बाईकडे अशी कामं आपोआप येतात.

छापखान्याच्या कागदाच्या गोदामामागे कायम नोकरांसाठी खोल्या होत्या. त्यांतली एक त्या वर्षी रिकामी झाली. फोरमन भला माणूस होता, नखांत कायम शाई आणि तोंडात कायम थट्टा. एका सोमवारी जिन्यात मला थांबवून म्हणाला, "धाकट्या बाई, मास्तरांचं व्याकरण एकदा सुखरूप बाहेर पडू दे, की तुम्ही कायम. मालक तयार आहेत. आणि गोदामामागची खोली तुमची. कुलूप घेऊन ठेवा."

त्या दिवशी मी टेबलाशी बसले तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. एक खोली. मी आणि माझी मुलगी. भिंतीला सांगितलेलं ऐकावं लागणार नाही.

मास्तर म्हणजे निवृत्त इंग्रजी शिक्षक, गळ्यात मफलर, हातात छत्री, पाऊस असो नसो. त्यांच्या पुस्तकातलं सातवं प्रकरण सगळ्यांत किचकट होतं. विशेषनाम कोणतं आणि विशेषनामावरून झालेलं विशेषण कोणतं, ते ओळखायचं. इंग्रजीत दोघांनाही कॅपिटल लागतं, म्हणून पोरं गोंधळतात, असं मास्तरांचं म्हणणं. फ्रान्स हे नाव, फ्रेंच खिडकी म्हटलं की त्यातलं फ्रेंच हे विशेषण. पण 'ती फ्रेंच बोलते' म्हटलं की तेच फ्रेंच भाषेचं नाव झालं. त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं, कारण मी विचारलं होतं. "सोपं आहे. काय किंवा कोण असं विचारून जे उत्तर येतं ते नाव. कुठला, कसला असं विचारून येतं ते विशेषण. शब्दाचा चेहरा बघू नका, तो वाक्यात काय काम करतो ते बघा."

थोरली मागून म्हणाली, "मास्तर, कुणाला सांगताय? पालथ्या घड्यावर पाणी."

पुस्तकात मुलांना फरक दिसावा म्हणून मास्तरांना नावं जाड टाइपात हवी होती आणि विशेषणं तिरक्या टाइपात. दोन्हींना कॅपिटल. मग एक ठोका पुरेना. थोरलीने तोड काढली. नावाला एक ठोका, विशेषणाला दोन. हे मान्य करायलाच हवं, तिची तोड चोख होती. "ठक चायना. ठकठक चायनीज व्हाज." पहिल्या दोन पानांत एकही चूक नाही. आम्ही दोघी त्या टेबलाशी एका माणसासारखं काम करत होतो. बघणाऱ्याला वाटावं सख्ख्या बहिणी.

खोलीची बातमी तिला बुधवारी कळली. फोरमननेच सांगितली, भोळेपणाने. आम्ही प्रकरणाच्या सरावाच्या वाक्यांशी होतो, आठ पानं नुसती वाक्यं. ती आत आली, खुर्ची ओढली, हस्तलिखित समोर घेतलं आणि वाचायला लागली. दोन ओळी नीट झाल्या.

"माय–" ती थांबली. "खोली घेतेयस म्हणे."

"मिळाली तर घेईन."

"आणि आईंचं कोण करणार?" तिने पेन्सिल आपटली. "आंट बॉट अ ठकठक स्विस वॉच."

"तुमच्याही त्या सासूबाईच आहेत."

"मला शिकवतेस?" पुन्हा आपटली. "शी ओपन्ड द... मी दिवसभर इथे राबायचं आणि घरी जाऊन बेडपॅन धुवायचं?" ठक. "विंडो. पुढचं. द शिप लेफ्ट ठक–"

"मी सात महिने तेच करतेय."

"तुझा नवरा पळाला म्हणून करतेयस!" ठक. "ब्राझील. उपकार नाही करत. कुणाच्या छपराखाली राहतेस?"

"म्हणूनच जातेय छपराखालून."

"जा की. बघू कशी जातेस." ठक. "स्पून."

असं आठ पानं चाललं. आवाज आम्ही दोघींनी चढवला नाही. दार उघडं होतं आणि खाली जुळारी होते. बाहेरून कुणाला ऐकू आलं असेल तर एक बाई एका सुरात वाचतेय आणि मध्येमध्ये ठोके पडताहेत, एवढंच. माझे डोळे कागदावर होते, पण वाचत नव्हते. डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी मान वर केली नाही. हात मात्र आपलं काम करत होता. ठोका आला, खूण गेली.

रीतीप्रमाणे माझ्या खुणा बघून जुळाऱ्याने दुरुस्त्या केल्या. दुसरं प्रूफ थोरलीकडे गेलं. दुसरं प्रूफ वाचायचं नसतं, पहिल्यावरच्या खुणांप्रमाणे बदल झाले का, एवढंच जुळवायचं असतं. तिने जुळवलं, कोपऱ्यात सही केली. फर्मा, म्हणजे एकत्र बसवलेली ती पानं, मशीनवर चढला. पाच हजार कागद छापून झाले.

पुढच्या मंगळवारी मास्तर जिना चढून आले तेव्हा मफलर हातात होता आणि चेहरा पांढरा. छापलेला कागद त्यांनी टेबलावर पसरला.

"बाई," ते मला म्हणाले, "चमचा हे विशेषनाम कधीपासून झालं?"

मी बघितलं. साध्यासुध्या चमच्याला कॅपिटल, वर जाड टाइप, एखाद्या राजघराण्यातला असावा तसा. खिडकीला तसंच. मावशीला तसंच. ब्राझील देश तिरका होऊन विशेषणांत जाऊन बसला होता.

"एकोणीस," मास्तर म्हणाले. "एकोणीस ठिकाणी. जो फरक शिकवण्यासाठी मी हे प्रकरण लिहिलं, तो फरकच तुम्ही पुसून टाकलात. पोरं हे पाठ करतील हो."

फोरमन मागोमाग आला. त्याच्या तोंडात थट्टा नव्हती. त्याने पहिलं प्रूफ काढून आणलं. एकोणीस चुका, एकोणीस खुणा, सगळ्या माझ्या हातच्या. माझी पेन्सिल मी जरा दाबून चालवायची, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती.

थोरली खुर्चीत सरळ बसून होती. "मी हस्तलिखितात आहे ते वाचलं," ती म्हणाली. "हस्तलिखित बघा. त्यात चमचा लहान अक्षरातच आहे. खुणा कुणाच्या हातच्या, ते दिसतंच आहे."

हे सगळं खरं होतं. तिने एक शब्द चुकीचा वाचला नव्हता.

मला तेव्हा कुठे उलगडलं काय झालं ते. त्या ठोक्यांत नावांचे किती, विशेषणांचे किती आणि माझ्यावर आपटलेले किती, हे हाताला कळलं नव्हतं. पण सांगणार कसं? 'माझी जाऊ रागाने पेन्सिल आपटत होती म्हणून मी मावशीला कॅपिटल केलं', हे तोंडातून काढलं असतं तर फोरमनही हसला असता.

मालकांनी आम्हाला खाली आपल्या केबिनमध्ये बोलावलं. मालक हळू बोलणारा माणूस. रागावले की चष्मा पुसायचे. त्या दिवशी त्यांनी तो तीनदा पुसला.

"फर्मा पुन्हा छापावा लागेल," ते म्हणाले. "ते जाऊ दे. मला कळत नाहीये ते हे, की चूक झाली कशी. धाकट्या बाई, तुम्ही इतके महिने एक खूण चुकला नाहीत. एका दिवसात एकोणीस?"

"मी ऐकलं तशी खूण केली," मी म्हणाले.

"म्हणजे मी चुकीचं वाचलं?" थोरलीने विचारलं. माझ्याकडे न बघता, मालकांच्या मागच्या भिंतीकडे बघत.

"असं करा," मालक म्हणाले. "इथेच बसा दोघी. तेच पान पुन्हा वाचा. मला बघू दे तुम्ही काम कसं करता."

फोरमनने चुका व्हायच्या आधीचा एक कोरा ठसा आणून माझ्यासमोर ठेवला. मास्तर छत्री गुडघ्यांत धरून कोपऱ्यात बसले. थोरलीने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

काय वाचत होती! तो आवाज मला आजही ऐकू येतो. स्वच्छ, एका लयीत, प्रत्येक ठोका जागच्या जागी, सुईने टाका घालावा तसा. ठक, ठकठक, ठक. पंधरा ओळी झाल्या. ठशात चूकच नव्हती, म्हणून माझी पेन्सिल एकदाही खूण करायला टेकली नाही. सगळं जुळलं. फोरमनने माझ्याकडे दयेने बघितलं आणि मान फिरवली. त्या मान फिरवण्यात गोदामामागची खोली गेली, हे मला कळलं. नुसती खोली नाही, नोकरीही. आणि मग उरलेलं आयुष्य त्या भिंतीसमोर.

मला एक गोष्ट ठाऊक होती. सासूबाईंनी सांगितली होती, एकदा भरवताना, अर्ध्या तोंडाने. थोरली शाळेची शेवटची परीक्षा तीनदा बसली आणि तिन्ही वेळा इंग्रजीत नापास झाली. छापखान्यात लागताना तिने पास झाल्याचं सांगितलं होतं, आणि तिचं वाचन ऐकून कुणी दाखला मागितला नव्हता. ही गोष्ट मी कधी काढणार नाही असं मनाशी ठरवलं होतं. चांगुलपणाने नाही. एवढी धारदार वस्तू उगाच बोथट करू नये म्हणून.

"शी लाइक्स–" थोरली वाचत होती.

"जाऊबाई," मी म्हणाले, "हे तुम्हाला कळतं का हो सगळं, की पोपटासारखं नुसतंच वाचता?"

ती थांबली नाही. "ठकठक जर्मन टॉइज."

"नाही, विचारलं आपलं. शाळेत इंग्रजीत तीनदा नापास झाला होतात ना? आई सांगत होत्या."

"द– गप्प बस." पेन्सिल आपटली. "कुक–"

"तीनदा म्हणजे जरा जास्तच झालं."

"गप्प बस म्हटलं ना!" ठक. "पुट द–" ठक. "सॉल्ट–"

मी तिच्याकडे बघत होते. कागदाकडे बघतच नव्हते. फोरमन एकदम पुढे वाकला.

"मालक," तो म्हणाला, "मालक, ह्यांचा हात बघा."

मी खाली बघितलं. माझ्या पेन्सिलीने आचाऱ्याला, ठेवण्याला आणि मिठाला, तिघांनाही कॅपिटल देऊन टाकलं होतं. तीन ठोके, तीन खुणा. मला पत्ताही नव्हता.

मालकांनी चष्मा लावला. मग ते म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही भांडत होतात. कामावर. हे ठोके तुमचे, थोरल्या बाई."

"ठोके माझे असतील. हिचे डोळे कुठे होते?"

"तेही खरं. पण दुसरं प्रूफ तुमच्याकडे आलं होतं. सही तुमची आहे. तुम्हाला दिसलं नाही?"

"दुसरं प्रूफ वाचायचं नसतं," फोरमन घाईने म्हणाला. "मालक, तिथे नुसत्या खुणा जुळवायच्या असतात. रीत आहे ती."

त्याने तिला दार उघडून दिलं होतं. तिने फक्त 'हो' म्हणायचं होतं. मालकही मान डोलवायच्या बेतात होते. दोघींना समज देऊन प्रकरण मिटलं असतं. तिची खुर्ची तिला राहिली असती, मलाही कदाचित काही मिळालं असतं. मी तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं.

"कसं दिसणार?" मी म्हणाले. "इंग्रजी यायला नको?"

थोरली उठून उभी राहिली. तिच्या कानशिलावरची शीर उडताना मला दिसत होती.

"दिसलं होतं," ती म्हणाली. "पहिल्या नजरेत दिसलं होतं मला. एकोणीसच्या एकोणीस. मुद्दाम सोडल्या."

फोरमनने कपाळाला हात लावला.

"कळत नाही म्हणतेस मला? ऐक मग." ती पहिल्यांदाच भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघून बोलत होती. "पान एक्केचाळीस, तिसरं वाक्य. आंट. सामान्यनाम आहे, पुढे नाव जोडलेलं नाही, कॅपिटल नको. त्याच पानावर विंडो, सामान्यनाम. ब्राझील, बोट कुठून निघाली, तर ब्राझीलहून, देशाचं नाव, जाड टाइप हवा, तिरका नको. पान बेचाळीस, स्पून. खाली इटालियन. ती इटालियन शिकते, काय शिकते, तर भाषेचं नाव. तिरकं कशाला? पान त्रेचाळीस..."

तिच्या हातात कागद नव्हता. एकामागून एक, पान, ओळ, शब्द, कारण. मास्तर छापलेला कागद मांडीवर घेऊन बोटाने ताडून बघत होते. त्यांच्या ओठांतून प्रत्येक वेळी, नको असताना, निघत होतं, "बरोबर... बरोबर... अगदी बरोबर." सतरा, अठरा, एकोणीस. शेवटच्या शब्दाला तिचा श्वास संपला.

"माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत," मास्तर हळूच म्हणाले, "एवढं चोख उत्तर मला एकाही मुलाने दिलं नाही."

त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं आपण काय बोलून बसलो ते. मी तिचा चेहरा बघितला. मला वाईट वाटलं असं इथे लिहिलं तर ते खोटं होईल. मला आनंद झाला. इतका की मला टेबलाची कड धरावी लागली.

"तुम्हाला चुका दिसल्या," मालक एकेक शब्द ठेवत म्हणाले, "आणि तुम्ही सही केलीत. पाच हजार कागद छापू दिलेत. ह्या मुलीला घालवायला."

"हो," थोरली म्हणाली. नापास ठरण्यापेक्षा तिला ते 'हो' सोपं गेलं असावं.

तिला प्रूफांच्या खोलीतून काढून तळमजल्यावर बांधणीखात्यात बसवलं, छापलेल्या कागदांच्या घड्या घालायला. तिच्यासारख्या बाईला घड्या! येता-जाता ती मला दिसायची. हाडाच्या पट्टीने कागद दाबत, मान खाली. तिच्या घड्याही सरळ असत, त्यात कोणी खोट काढू शकलं नाही. सातवं प्रकरण पुन्हा छापलं गेलं. मी महिन्याअखेरीस कायम झाले, आणि तिच्या खुर्चीत बसून नव्या मुलीला वाचायला शिकवू लागले. गोड मुलगी होती, आवाजही बरा. पण ठोका कधी आधी पडायचा, कधी नंतर. त्यानंतर मी एकवीस वर्षं त्या टेबलाशी काढली, सहा-सात जणी समोर बसून गेल्या. थोरलीसारखी लय एकीलाही साधली नाही. माझा तिच्यावरचा राग अजून तसाच आहे आणि तिच्या वाचनाची आठवण निघाली की जीव अजून तिथेच ओढतो. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा राहतात ते मला विचारू नका, मला सांगता येणार नाही.

सामान हलवलं ते एका रविवारी. सामान कसलं, एक ट्रंक, दोन गाद्या, मुलीचं दप्तर. दीर ट्रंक खाली पोचवून आले आणि कुणाच्याच नजरेला नजर न देता आतल्या खोलीत गेले. सासूबाईंना मी सकाळी शेवटचं पुसून कपडे बदलून ठेवलं होतं. त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मीच एकेक बोट सोडवलं.

थोरली दारात उभी होती. "चावी," ती म्हणाली.

मी चावी तिच्या तळहातावर ठेवली.

"तीन खोल्यांचं घर ओसाड करून चाललीस," ती म्हणाली. "समाधान झालं?"

"मी नाही केलं. तुम्ही एकोणीस चुका सोडल्यात."

"आणि तू माझी अब्रू सोडलीस, चार पुरुषांसमोर."

"तीन," मी म्हणाले. "फोरमन, मालक आणि मास्तर. मोजायला तरी नीट मोजा."

ती हसली. खरंच हसली, दात दाखवून, आणि त्या हसण्यात जरासुद्धा प्रेम नव्हतं. "भांडायला शिकलीस गं," ती म्हणाली. "माझ्याच टेबलावर."

मला तेवढ्यावर निघता आलं असतं. पण सात महिन्यांची सवय. "ऐका," मी म्हणाले. "आईंना वळवताना डावा खांदा ओढू नका. काखेत उशी सरकवायची, मग कमरेला धरून वळवायचं. खांदा निखळल्यासारखा होतो त्यांचा."

"मला शिकवू नकोस."

"जाऊबाई, हे भांडणातलं नाही सांगत–"

"मला," ती म्हणाली, "तू काहीही शिकवू नकोस." आणि तिने दार लावलं.

मी मुलीचं बोट धरून जिना उतरायला लागले. एक मजला उतरलो असू तेवढ्यात वरून सासूबाईंचा आवाज आला, अर्ध्या तोंडाचा, चिरका. एकदा. मग पुन्हा. मुलगी थांबली.

"आई, आजी रडतेय."

वर दार बंद होतं. थोरली आत होती, आणि सासूबाईंचा खांदा तिच्या हातात होता, हे मला डोळ्यांनी बघावं लागलं नाही. मी दार ठोठावलं असतं तर तिने ते उघडलं असतं. मी उशी सरकवून दाखवली असती आणि मग पुन्हा बाहेर पडले नसते. हे मला जितकं ठाऊक होतं तितकंच दाराआडच्या तिलाही ठाऊक असणार.

"चल," मी म्हणाले, आणि मुलीला ओढतच खाली नेलं.